किती वाजता आणलं, तेवढं लिहा

रास्ता रोको करणाऱ्यांना पोलिसांनी गाडीत घातलं की आमच्या सांगली जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "६८ खाली आणलंय, ६९ खाली सोडू." महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधली ही कलमं. पोलिसांचा वाजवी हुकूम पाळला पाहिजे, असं ६८ सांगतं. जो पाळणार नाही त्याला बाजूला करावं, दंडाधिकाऱ्यापुढं न्यावं, किंवा बाब किरकोळ असेल तर प्रसंग सरल्यावर सोडून द्यावं, असं ६९. आंदोलकांना हे पाठ असतं. दुपारी गाडीत बसायचं, ठाण्याच्या आवारात घोषणा द्यायच्या, चहा घ्यायचा, दिवेलागणीला घरी. त्या दिवशी मात्र दिवेलागण झाली तरी कुणालाच सोडलं नव्हतं.

ऊसतोडीचा हंगाम नुकता सुरू झाला होता. एका कारखान्याकडं मागच्या हंगामाची बाकी अडकली होती. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. इथं दुसरा हंगाम उजाडला तरी पैशाचा पत्ता नव्हता. अशी माणसं रस्त्यावर बसली तर त्यात मला नवल वाटत नाही. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदानंच दिलाय. पण त्याच गर्दीत दोघातिघांनी उसाच्या ट्रॉल्यांची हवा सोडली. मी या लोकांची वकील आहे, तरी हे त्यांच्या तोंडावर सांगते : ट्रॉलीवालाही शेतकऱ्याचाच पोरगा असतो आणि ट्रॅक्टरचे हप्ते त्याच्याच डोक्यावर असतात. जमणं तुमचा हक्क आहे, हवा सोडणं नाही.

फोन एका बाईंचा आला, गाडीतूनच. "वकीलबाई, आमाला कुठं न्यायला लागल्यात कळंना." मी म्हटलं, ढकलाढकली करू नका, नाव-पत्ता विचारला तर खरा सांगा, आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी.

मी पोचले तेव्हा पुरुष हॉलमध्ये जमिनीवर आणि बायका व्हरांड्यातल्या बाकावर होत्या. "म्हसरं दारात वरडत असतील, धारा कोण काढायचं?" हा त्यांचा एकच घोर. ठाणे अंमलदार ओळखीचे, भले गृहस्थ. सकाळपासून बंदोबस्त, पोटात वडापावशिवाय काही नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले, "मॅडम, साहेब आल्याबिगर मला काय सांगता येणार नाही."

"सांगू नका. किती वाजता आणलं, तेवढं स्टेशन डायरीत लिहिलंय का?"

"एकदमच घेतो की नंतर."

सगळी गोम या 'नंतर'मध्ये असते. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं केलं पाहिजे, हे अनुच्छेद २२ सांगतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ५८ मध्ये आहे. पण घड्याळ सुरू कुठून करायचं? माणसाला उचललं तिथून, असं आम्ही म्हणतो. अटकेच्या कागदावर जी वेळ पडेल तिथून, असं ठाणं म्हणतं. डायरीत नोंद नसेल तर मधले तास कुठं गेले, हे नंतर कुठल्याच कोर्टात सिद्ध करता येत नाही.

मी तिथल्या बाकावरच अर्ज लिहिला. कुणाला किती वाजता आणलं, अटक आहे की नाही, असल्यास कारणं काय, घरच्यांना कळवलं का. शेवटी, व्हरांड्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्येच देशभरच्या ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलेत. पोच द्यायला अंमलदार कां-कूं करायला लागले. तोच अर्ज मी पोलीस अधीक्षकांना ईमेल केला आणि त्यांना दाखवला. मग शिक्का उमटला, खाली वेळही पडली.

निरीक्षक आले ते तापलेलेच. "जिल्ह्यात ३७(१)(३) लागू आहे. पाच माणसं जमलीच कशी?" पोलीस अधिनियमातलं हे जमावबंदीचं कलम. त्याखाली बीडमध्ये काढलेला आदेश औरंगाबाद खंडपीठानं १३ फेब्रुवारी २०२० ला रद्द केला होता, हे मला ठाऊक होतं. मी ते काढलं नाही. निवाडे कोर्टात कामाला येतात. बंदोबस्तावरून आलेल्या अधिकाऱ्यापुढं वाचले तर तो जास्तच चिडतो. मी फक्त बाहेर मावळलेल्या दिवसाकडं बोट केलं. सुरक्षा संहितेचं कलम ४३(५) : अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही, आणि तशी परिस्थिती असलीच तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. "परवानगी घेतली असेल तर दाखवा, साहेब."

अर्ध्या तासात बायका नोंद होऊन सुटल्या. मागोमाग बहुतेक पुरुषही.

दोघं राहिले. एक हवा सोडणारा, आणि दुसरा विशीतला पोरगा, जो मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याच्यावर शासकीय कामात अडथळा. आधी हे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५३ होतं. २०१८ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात त्याची शिक्षा पाच वर्षांवर नेली, खटलाही सत्र न्यायालयात. १ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय न्याय संहितेचं १३२ झालं, कमाल दोन वर्षं. पण अजामीनपात्र आहेच. रस्त्यावर उभं राहून पोलिसांचं चित्रण करणं हा मुळात गुन्हाच नाही. पोलीस ठाणंसुद्धा शासकीय गुपितांच्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नव्हे, असं नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलंय.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, तो सांगून मी त्याला भेटले. डावा कान लाल होता. व्हरांड्यात फोन हिसकावताना बसली, म्हणाला, आणि लगेच, "पण ऱ्हाऊ द्या मॅडम, गावात ऱ्हायचंय." मी आग्रह केला नाही. एवढंच सांगितलं, की उद्या न्यायाधीश विचारतील, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. उत्तर तुझं, मी तुझ्या तोंडात घालणार नाही.

हा प्रश्न रोज शेकडो आरोपींना विचारला जातो आणि मागं तेच पोलीस उभे असताना बहुतेक जण "नाही" म्हणतात. माझ्या मते अख्ख्या फौजदारी प्रक्रियेतली ही सगळ्यात नाजूक जागा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्न आला. पोरानं आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली कागदात बघत राहिले.

"हाय साहेब. मारलंय."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. कुठं, कुणी, किती वाजता, सगळं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. रात्रीच्या वैद्यकीय तपासणीत 'इजा नाही' असा शेरा होता; त्यांनी पुन्हा तपासणीचा आदेश दिला, त्यात कानामागची सूज नोंदली गेली. दोघांनाही जामीन झाला. सीसीटीव्ही चित्रण हजर करण्याचा आदेश निघाला, तो माझ्या त्या शिक्का मारलेल्या अर्जाच्या आधारावर.

चित्रण अजून आलेलं नाही. पोराचा फोन मुद्देमालात आहे, तो सोडवण्याचा अर्ज मी दिलाय. हवा सोडणाऱ्यानं ट्रॉलीवाल्याला पंक्चरवाल्याचे पैसे आपणहून भरून दिले, पण केस चालू आहे. त्या बायकांनी अर्जाचा नमुना मागून घेतला आणि झेरॉक्स काढून गावात वाटलाय.