कूलरवाल्या भाऊंची चौथी निवडणूक

१७ जानेवारी २०२६, शनिवार

काल नागपूर महापालिकेचा निकाल लागला आणि भाऊ पुन्हा पडले. डिपॉझिटही गेलं. कालपासून वस्तीत एकच बोलणं कानावर येतंय: "कायले उभे राह्यते बाप्पा दरवेळी? पैसे जास्त झाले काय?" मला या प्रश्नाचा राग येतो. तो का येतो, ते आज लिहून काढायचं ठरवलंय.

भाऊंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, नंदनवनकडे. मार्च लागला की आमच्या भागात घरोघरी त्यांची फेरी सुरू होते. माळ्यावरचा कूलर उतरवायचा, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, मोटर जळली असेल तर गुंडाळून द्यायची, पंप चालतो का बघायचं. ४५ अंशांच्या उन्हात हे काम करणाऱ्या माणसाला घराघरातलं सगळं कळतं. कोणाकडे आजी अंथरुणाला खिळली आहे, कोणाच्या नळाला टिल्लू पंप लावल्याशिवाय धार येत नाही, कोणत्या गल्लीत गडरलाईन तुंबून पाणी अंगणात शिरतं. त्यांच्या पान्या-पक्कडीच्या पेटीत एक जाडी वही असते. तक्रार कोणाची, महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज कधी दिला, आत कोण भेटलं, काम झालं की नाही, सगळं त्यात तारखेनिशी. निवडणुकीला उभं राहण्याचा विचार त्यांच्या डोक्यात या वहीतूनच आला. हौस म्हणून नाही.

पहिल्यांदा उभे राहिले २००७ मध्ये. तेव्हा एका वॉर्डाचा एकच नगरसेवक असे. जागा १३६ आणि २००१ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती साडेवीस लाखांच्या आसपास, म्हणजे एका वॉर्डात साधारण पंधरा हजार माणसं. एवढी घरं एक माणूस सायकलवर फिरू शकतो. भाऊ फिरले. हरले, पण मतं बरी पडली. आणि जो निवडून आला तोसुद्धा नंतर नालीच्या कामासाठी त्यांना सोबत घेऊन जायचा, कारण कुठे काय तुंबतं हे त्यांनाच माहीत होतं.

२०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग आले. २०१७ ला चार सदस्यांचे. १५१ जागा, ३८ प्रभाग. २०११ ची लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं होतात. भाऊ तेच, सायकल तीच, आणि मतदारसंघ चौपट. त्या वर्षी भाजपचे १०८ आले, काँग्रेसचे २९, बसपचे १०, आणि अपक्ष फक्त एक. लोक म्हणतात नागपूर अपक्षाला मत देत नाही. १९६२ मध्ये याच शहराने लोकनायक बापूजी अण्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं, तेही त्यांची ऐंशी उलटल्यावर. त्यांच्यामागे वेगळ्या विदर्भाची चळवळ होती, ती भाऊंमागे नाही, हे मला कळतं. तरीही सगळा दोष मतदाराच्या माथी मारणं मला पटत नाही.

चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. मोठा पक्ष चौघांचं पॅनल करतो. एक पत्रक, एक गाडी, एक सभा, खर्च चौघांत. मतदाराला सांगायचं ते सोपं असतं: चारही ठिकाणी एकच चिन्ह दाबा. अपक्षाचं चिन्ह कोणाच्या ओळखीचं नसतं. यंदा चिन्हं मिळाली ३ जानेवारीला आणि १३ तारखेच्या संध्याकाळी प्रचार संपला. भाऊंनी पंखा मागितला होता, मिळालं शिवणयंत्र. तेवढ्या दिवसांत साठ हजार लोकांपर्यंत शिवणयंत्र पोचवायचं कसं? परवा मतदानाच्या दिवशी मी केंद्रापासून लांब आमच्या टेबलावर चिठ्ठ्या देत बसले होते. संक्रांतीचा दुसरा दिवस, पोरं गच्च्यांवर पतंग उडवत होती. ज्यांच्या घरचा कूलर भाऊ इतकी वर्षं बघत आलेत त्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ कोणत्या कागदावर हाय व?" मी सांगितलं, शेवटच्या, ड च्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांना खात्री नव्हती. म्हणाल्या, चार वेळा बटण दाबलं, एक तरी भाऊला गेलं असन. मला रडू आलं.

एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. एका सदस्याच्या पद्धतीत सोडतीत वॉर्ड आरक्षित झाला की भाऊंना तिथून उभंच राहता आलं नसतं. चारांत एखादी खुली जागा बहुधा सापडते. अर्ध्या जागा बायकांना मिळतात, ते मला हवंच आहे. पण चार नगरसेवक असले की नाली नेमकी कोणाची? एकाकडे गेलं की दुसऱ्याचं नाव सांगतात. हे मी स्वतः अनुभवलंय. मुंबईत मात्र २२७ वॉर्ड आणि प्रत्येकाचा एकच नगरसेवक. तिथल्या माणसाला आपला नगरसेवक कोण, हे एका दमात सांगता येतं. आम्हाला का नको?

मार्च २०२२ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक होता. वस्तीला नगरसेवकच नाही. त्या काळात भाऊंची वही थांबली नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तो भाग आमच्यापासून बराच लांब. भाऊ दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन तिकडे गेले आणि भिजलेल्या मोटरी खोलून वाळवत बसले. मी त्यांना विचारलं होतं, तिथे तुमची मतं आहेत का? म्हणाले, "ताई, तिथं मोटरी हायेत."

यंदा मी त्यांची सूचक होते. अर्जावर सही करताना मला जो अभिमान वाटला तो आजही तसाच आहे. नगरसेवकपद या शहरात लहान गोष्ट नाही. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये इथेच नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं, त्या सभागृहात कूलर दुरुस्त करणारा एक माणूस त्याची वही घेऊन बसला पाहिजे.

आता खर्चाचा हिशेब महिनाभरात द्यायचा आहे. दिला नाही तर पुढच्या वेळी उभं राहण्यावर बंदी येऊ शकते. उद्या दुकान बंद असतं, तेव्हा पावत्या घेऊन बसू: पत्रकं, झेंडे, ई-रिक्षाचं भाडं, पोरांना दिलेले तर्री पोहे. ते झालं की एक सदस्य वॉर्डाच्या मागणीचं निवेदन लिहायला घेणार आहोत. भाऊ म्हणतात आधी वस्तीत सह्या घेऊ. मी म्हणते आधी निवडून आलेल्या चौघांकडे जाऊ, त्यांची सही मिळते का बघू. यावर आमचं अजून जमलेलं नाही.