पोरगा ‘फादर व्हायचं’ म्हणतोय

सातारा-सांगलीकडं ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मिरज मिशनचा प्रोटेस्टंट पाळक येतो, बायकोमुलांत राहणारा. त्यामुळं कॅथलिक घरातला पोरगा फादर होणार म्हटल्यावर पाहुण्यारावळ्यांचा पहिला प्रश्न लग्नाचा. आईबापांनी मात्र आधी दुसरंच विचारावं: धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचा फादर व्हायचंय, की व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्या एखाद्या व्रतस्थ संघाचा?

हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. धर्मप्रांताचा फादर बिशपांच्या हाताखाली, बहुतेक याच टापूत राहतो. ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं वचन देतो, दारिद्र्याचं व्रत घेत नाही. म्हणजे सातबाऱ्यावर त्याचं नाव राहू शकतं. येशूसंघासारख्या (जेझुइट) संघात व्रतं तिन्ही, आणि बदली कुठंही. तिथं पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडं सोपवावा लागतो, कायमच्या व्रतांआधी कायद्यानं टिकेल असं मृत्युपत्र करावं लागतं. वाटणीचं बोलणं तोवर लांबवलं की भावाभावांत हमखास बिनसतं. पोराच्या नावावर न फिटणारं कर्ज असेल तर संघाच्या नियमानुसार त्याला घेता येत नाही.

घाई कशाचीच नाही. पूर्वतयारीचं किमान एक वर्ष, तत्त्वज्ञानाची दोन, थिऑलॉजीची (धर्मशास्त्राची) चार. शिवाय वयाची 25 पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा, म्हणजे फादरपद, साधारणपणे मिळत नाही. आमचं मत विचाराल तर आधी पदवी घेऊ द्या. सेमिनरीतला (फादर घडवणाऱ्या शाळेतला) अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पदवीला धरला जातो का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. मध्येच परतलेल्या पोराची अडचण तिथंच होते.

बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचे) दाखले लागतात. चर्चच्या वहीत ‘अंतोन’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘अनिल’ असेल, तर तो घोळ आत्ताच निस्तरा.

जबरदस्ती चर्चच्या कायद्यालाच मान्य नाही, आणि लायक मुलाला मागं ओढणंही. डीकनपदाआधी, म्हणजे फादर होण्याच्या अलीकडच्या पायरीआधी, ‘मी स्वखुशीनं येतोय’ असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं असतं. धर्मप्रांताचा उमेदवार डीकन होईपर्यंत सरळ घरी येऊ शकतो. त्यानंतर मात्र सुटका रोमहून. पण गावजेवण घातलेल्या, चौकात बॅनर लागलेल्या पोराला परत यायची लाज वाटते, मग तो मन नसताना तिथंच रेटत राहतो. म्हणून सुट्टीला आला की त्याला फादर म्हणू नका. घरच्या नावानंच हाक मारा, आणि त्याचं कपाट रिकामं करून धाकट्याला देऊ नका.