दुखत नाही ना, मग कॅप कशाला?

"आता दुखत नाही ना, मग कॅपचा खर्च कशाला?"

नौपाड्यातल्या दातांच्या दवाखान्यात आज शेजारच्या काकू फोनवर मुलाला सांगत होत्या. रूट कॅनाल झालेलं, दाढेत अजून तात्पुरतं सिमेंट. दाढेवर झाकण म्हणून बसवायच्या कॅपची अपॉइंटमेंट रद्द करायलाच आल्या होत्या.

ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. अहो, रूट कॅनालमध्ये दाढेतली नसच काढून टाकतात. मग दुखणार कसं? पण आधीची कीड आणि उपचारासाठी केलेलं कोरीवकाम, यात दाढ आतून पोकळ झालेली असते. त्यात चावण्याचा सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवर. चिक्कीचा एखादा कडक तुकडा आला आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली, तर बहुतेक वेळा काढावीच लागते. तात्पुरतं सिमेंट झिजलं की लाळेतले जंतू पुन्हा आत शिरतात. आणि पुन्हा कीड लागली तर ठणका लागून कळणारही नाही.

"काकू, रद्द करण्याआधी डॉक्टरांशी बोला. हप्त्यांचंही विचारा," एवढंच म्हणाले.

"बघते गं," म्हणाल्या. पैशांसाठी मुलाला गळ घालणं त्यांच्या जिवावर आलं असावं. आपल्या आयांचं हे नेहमीचंच.

तुमच्या घरी कुणाची दाढ अशी कॅपविना राहिलीय का? आज विचाराल?