अंगाला लावायची कोकमतेलाची वडी: तिसरा घाणा

ठाणे, खोलीचं तापमान ३१ अंश. १०० ग्रॅमचं या वेळचं माप: कोकमतेल ३८, तिळाचं तेल ३१, शिया बटर २०, कँडेलिला मेण (झुडपापासून मिळणारं कडक मेण) १०, व्हिटॅमिन ई आणि लॅव्हेंडर तेल अर्धा-अर्धा ग्रॅम.

पहिला घाणा मेणाने बिघडला. मधमाशीच्या मेणाच्या कृतीतले २० ग्रॅम तसेच धरले होते, त्यामुळे वडी मेणबत्तीसारखी झाली आणि अंगावर नुसतीच खरवडली. कँडेलिला निम्मंच पुरतं. दुसरा घाणा रवाळ निघाला. शिया हळूहळू थंड झालं की त्यातले कडक अंश आधी गोठतात आणि बोटाला कणी लागते.

आता क्रम असा. डबल बॉयलरमध्ये आधी मेण, कारण ते ७० अंशांच्या आसपास वितळतं. मग कोकमतेल आणि तिळाचं तेल; गार तेलाने मेणाच्या गुठळ्या झाल्या तर पुन्हा विरघळेपर्यंत थांबायचं. आच बंद करून शिया. साधारण ६० अंशांना व्हिटॅमिन ई आणि लॅव्हेंडर घालून लगेच साच्यात. रेंगाळलात तर भांड्याच्या कडेला साय धरते. साचा ४० मिनिटं फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नको, तडे जातात.

कोकणातून आलेलं मुठेल (घरगुती कोकमतेल) वापरत असाल तर ते आधी वेगळं वितळवून गाळा. बिया पाण्यात उकळून काढलेलं असल्याने त्यात ओल राहते. तडतड आणि बुडबुडे थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवा. या वडीत प्रिझर्व्हेटिव्ह नाही. पाणी नसणं हाच तिचा टिकाऊपणा. (व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, बुरशी नाही.)

आपल्याकडच्या दमट हवेत खरी गोची फ्रिजबाहेर होते. गार वडीवर दव धरतं. म्हणून साचा झाकणाच्या डब्यात घालूनच फ्रिजमध्ये ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडायचा नाही. या घाण्यात एवढाच बदल मोठा, पण पृष्ठभाग पहिल्यांदाच कोरडा आणि गुळगुळीत आला.

झोपण्याआधी हातपाय धुऊन, टिपून, कातडी जराशी ओलसर असतानाच वडी फिरवावी; ती ओल अडवते, स्वतः पाणी देत नाही. वडी धरणारा हात मात्र कोरडा हवा. टाचांवर दोनदा, वर सुती मोजे. चादरीला तेलाचे डाग नको असतील तर दहा मिनिटं थांबा.

मे महिन्यासाठी कँडेलिला १२, तिळाचं तेल २९ करून बघायचं आहे.