आरपार दिसणारी भिंत

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ब्लोअर होता. मागच्या भिंतीला लागून वस्ती, आणि पहिल्याच घरात हार्मोनियम शिकवणारे काका. मी आवाज मोजायचा मीटर काढायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, पांढरी दोनचा तार सा धरलाय या पंख्यानं, पण जरा उतरलेला. माझी मुलं त्याच्यामागे उतरतात." मीटरवर ५८० हर्ट्झ. १२ पाती, मिनिटाला २९०० फेरे; गुणून ६० ने भागलं, हिशेब चोख. खरा सा, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा वरचा सा, ५८७ ला. मी मनातल्या मनात काकांच्या कानांना हात जोडले.

भिंत घालायची सोय नव्हती, ब्लोअरला हवा हवी. म्हणून पाइपांचं कुंपण ठरवलं. माद्रिदमध्ये युसेबियो सेम्पेरे यांचं पोलादी नळ्यांचं शिल्प आहे, नळ्या १० सेंटीमीटरवर. १९९५ मध्ये मोजमाप छापून आलं: १६७० हर्ट्झजवळचा आवाज त्यातून जाताना बराच पडतो. प्रत्येक रांग थोडा आवाज परतवते. दोन रांगांतलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं असलं की परतणाऱ्या लाटा एकमेकींना साथ देतात. आमच्या ५८० साठी ते अंतर निघालं ३० सेंटीमीटर.

१६० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप, पाच रांगा. रविवारी उभे झाले. सोमवारी मीटर लावला तर ढिम्म फरक नाही. तासभर मी मीटरलाच शिव्या घातल्या. शेवटी शिडीवर चढून वरून पाहिलं. रांगोळीत मधले ठिपके घालतात ना, तसे पाइप!

फिटर मामा म्हणाले, "सरळ लावले तर आरपार दिसत होतं, ताई. नजर जाते तिथून आवाज नाही का जाणार? म्हणून पाइपांची भोकं तिरकी पाडली. अंतर तीसच ठेवलंय हां."

पाइप ते पाइप खरंच तीस होतं. पण काकांच्या घराकडे निघालेल्या आवाजाला आडव्या येणाऱ्या रांगा आता २१ सेंटीमीटरवर होत्या. त्या अडवणार ८२० च्या आसपास, आणि तो सूर ब्लोअर गातच नाही. चूक माझीच. ड्रॉइंगवर ब्लोअर कुठल्या बाजूला, हे मी दाखवलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत भोकं नव्याने पाडली. त्या सुरावर ११ डेसिबल उतरले. हवेचा सूंसूं तसाच राहिला. काका गच्चीवरून ओरडले, "सा गेला!"

मामा मात्र दोन रांगांच्या मधून वाकून पलीकडचा ब्लोअर बघत होते. "दिसतोय की अजून," म्हणाले.