जुनी डिझेल फोर बाय फोर घेताना इंजिन कसं पारखलं: माझा अनुभव

पंचवीस-तीस वर्षं जुनी डिझेल फोर बाय फोर घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो इंजिनच्या नावाचा. अमुक इंजिन बघ आणि डोळे झाकून घे. मलाही तो मिळाला आणि अगदीच वाया गेला नाही. लँड क्रूझरमधलं १एचझेड काय किंवा निसान पॅट्रोलमधलं टीडी४२ काय, दोन्ही ४.२ लिटरची, सहा सिलिंडरची, यांत्रिक पंपाची इंजिनं. त्यांचं नाव उगाच झालेलं नाही. पण मला नावाचा उपयोग झाला तो बघायचं कुठे हे कळण्यापुरता. टीडी४२चं टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पंप वेळेवर हलवणारी जोडणी) गिअरवर चालतं, १एचझेडचं बेल्टवर. म्हणजे तिथे बेल्ट कधी बदलला याचा कागद मागायचा. टर्बोवाल्या १एचडी-टीच्या सुरुवातीच्या इंजिनांत बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडची क्रँककडची बेअरिंग) लवकर झिजतात, तेव्हा ती बदलली का ते विचारायचं. लँड रोव्हरच्या टीडी५मध्ये इंजेक्टरच्या वायरिंगमधून ऑइल झिरपत ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) प्लगपर्यंत जातं. प्लग काढून बघितला की झालं. मालकांनी इतक्या वर्षांत इंजिनचं काय केलं, हे मात्र नाव सांगत नाही. किलोमीटरचा आकडाही सांगत नाही, आणि तो खरा असेलच असंही नाही.

त्यामुळे फोनवर माझी एकच अट असायची: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर हात मिळवायच्या आधी हात बॉनेटखाली जायचा. एका ठिकाणी इंजिन चांगलंच कोमट लागलं. "सकाळी जरा पुढे-मागे केली हो," असं उत्तर आलं. मी थोडा वेळ गप्पा मारून निघालो. थंड डिझेल इंजिन जे सांगतं ते गरम झाल्यावर झाकलं जातं: कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) कमी झालेलं इंजिन गरम असताना पटकन सुरू होतं, थंड असताना मात्र सेल्फ मारत बसावं लागतं.

थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघायचं. वर तेलकट तवंग आहे का, की नुसतं गंजाचं पाणी आहे? झाकण लावून गाडी सुरू करायची आणि वरचा होज दाबत राहायचं. इंजिन अजून गार असताना मिनिटभरात होज टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय: हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) गेलेलं, नाहीतर हेडच तडकलेलं. या तपासणीला ना हत्यार लागतं ना मिस्त्री. तरी ती करणारा माणूस मला क्वचितच दिसला.

डिपस्टिकवर काळं ऑइल दिसलं म्हणून दचकायचं कारण नाही. डिझेलमध्ये काजळीने ते लगेच काळं होतं. मला उलट मधाच्या रंगाचं ऑइल खटकतं. ते विकायच्या आधी ओतलेलं असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. धुराचं गणित सोपं आहे. सुरू होताना पांढरा धूर आला आणि थोड्या वेळात गेला, तर बहुतेक थंड सिलिंडर तापवणारा एखादा हीटर प्लग मेलेला असतो. पांढरा टिकला तर कूलंट जळतंय किंवा इंजेक्टरचं नोझल डिझेल नीट फवारत नाही. जोर दिल्यावर काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय.

बॅक कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटणाऱ्या गॅसची, परीक्षा सगळे करतात. ऑइलचं झाकण उलटं ठेवायचं आणि उडतं का बघायचं. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. काही इंजिनांत झाकणाच्या खालीच रॉकर हलत असतात, चांगल्या इंजिनातही झाकण थडथडतं. त्यापेक्षा ब्रीदरचा (तो गॅस बाहेर सोडणारा) पाइप काढून, गरम इंजिनवर, सावकाश रेस देत बघावं. एकसारखा दाट धूर लोटत असेल तर रिंगा संपल्या आहेत.

एक गाडी मात्र या सगळ्यात पास झाली होती. थंडीत एका सेल्फमध्ये सुरू, धूर नाही, आवाज एकसारखा. स्नॉर्कल (हवा उंचावरून घेणारी नळी) बसवलेला, अंगावर दिखाऊ काही नाही. मी सवयीने एअर फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाइप काढला आणि आतून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर पिठासारखी बारीक तपकिरी धूळ आली. स्नॉर्कलच्या जोडावरची क्लिप हाताने फिरत होती, तिचा दोष नव्हता; धूळ तिथून आली तरी फिल्टरने अडवली असती. फिल्टर उचलला तर त्याचं रबर एका बाजूने दुमडलेलं, आणि फिल्टरच्या घरात (डब्यात) त्याच जागी धुळीचा ओघळ. "साहेब, ऑफ-रोडची गाडी आहे, धूळ असणारच." असणारच, पण फिल्टरच्या अलीकडे. पलीकडे गेलेली धूळ रिंगा आणि बोअर घासत राहते, आणि ते आज नाही तर काही हजार किलोमीटरांनी दिसतं. गाडी सोडली. घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं, हेही खरं.

शेवटी घेतली ती टर्बो नसलेली, सहा सिलिंडरची, दिसायला त्या गाडीपेक्षा बरीच कळकट. कागद मात्र होते: ऑइल बदलल्याच्या पावत्या, बेल्टची पावती, पंप कॅलिब्रेट केल्याची नोंद. तरी व्यवहाराआधी मिस्त्रीकाकांना घेऊन गेलो. त्यांनी हीटर प्लग काढून सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घेतलं. पाच जवळपास सारखे, एक थोडा खाली. मी विचारलं, थोडं ऑइल टाकून परत बघायचं का? "पेट्रोलला ठीक आहे ते," काका म्हणाले. "डिझेलमध्ये वर जागाच किती असते? ऑइल टाकलं की आकडा उगाच चढतो." त्याऐवजी त्यांनी त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावले. ऑइलच्या तोंडाशी फुसफुस म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट. दोन्हीकडे शांतता होती. सायलेन्सरच्या नळीत बारीक शिट्टी ऐकू आली. "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. टॅपेट टाइट असेल, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल; आधी ते बघू."

मग लांबच्या चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून चालवली, कारण सपाटीवर कूलिंगचा कस लागत नाही. फक्त टेम्परेचरच्या काट्यावर विसंबलो नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा केलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वर थांबून रेडिएटरच्या पंख्याचा आवाज ऐकला, होज चाचपले.

टॅपेट टाइटच निघालं. सेट केल्यावर तो सिलिंडर बाकीच्यांच्या जवळ आला. ताबा घेतल्यावर पहिलं ऑइल काढताना नमुना लॅबला पाठवला. एका नमुन्यावरून फार ठरवता येत नाही, कारण आधीचं ऑइल किती चाललं होतं याला मालकाच्या शब्दापलीकडे आधार नव्हता. पण सोडियम नगण्य होतं, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट जात असल्याची खूण नव्हती. सिलिकॉन, म्हणजे आत गेलेल्या धुळीची खूण, मला वाटलं त्यापेक्षा जास्त आलं, तेव्हा फिल्टरचं घर, पाइप आणि सगळ्या क्लिपा नव्या टाकल्या. पुढच्या नमुन्यात सिलिकॉन उतरलं, झीज दाखवणारं लोहही थोडं उतरलं. एक नोझल अजून थंडीत खडखडतं. ते पुढच्या सर्व्हिसला काढायचं आहे.