शिसं मोजायला शिसपेन्सिल

आमचे आजोबा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. त्यांच्या हाताला कायम शिसं लागलेलं असायचं. आता मी इथे ओहायोत गॅरेजबाहेर शिसं वितळवत बसतो, .३८ स्पेशल रिव्हॉल्वरच्या गोळ्या ओतायला. (इथे चालतं, भारतात लायसन्सशिवाय असलं काही करायला जाऊ नका.)

मला एका बंद पडलेल्या प्रेसचं लायनोटाइप मेटल मिळालं, म्हणजे छपाईची अक्षरं ओतायचा मिश्रधातू: ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. नुसतं शिसं ब्रिनेलवर (कडकपणा मोजायची पट्टी) ५ च्या आसपास, लायनोटाइप २२. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं की ९२-६-२ होतं, हिशोब एकदम सोपा, म्हटलं कडक तितकं भारी.

मोजायला महागडं टेस्टर घेतलं नाही, चित्रकलेच्या पेन्सिलींचा सेट आणला, ६बी (सगळ्यात मऊ) ते २एच (सगळ्यात कडक). टोक सँडपेपरवर घासून सपाट करायचं, गोळीवर तिरकं धरून पुढे ढकलायचं, मऊ पेन्सिल नुसती घसरते, मग एकेक कडक पेन्सिल घेत जायचं, जी पहिल्यांदा धातू खरवडून काढते तिच्यावरून अंदाज. गंमत म्हणजे आपण हिला शिसपेन्सिल म्हणतो आणि आत शिसं नसतंच, ग्राफाइट असतं.

ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलं तर बी पेन्सिलनेच ओरखडा, म्हणजे ब्रिनेल १३ च्या आत, मी वैतागून अजून लायनोटाइप टाकणार होतो, पण अँटिमनीवालं शिसं ओतल्यावर हळूहळू कडक होत जातं हे लक्षातच नव्हतं. दोन आठवड्यांनी त्याच घाण्यातल्या गोळ्यांवर बी सरळ घसरली, एचबी पण.

आणि एवढं करून गोळ्या झाडल्यावर रिव्हॉल्वरच्या नळीत शिशाचा थर बसला! .३८ चा दाब कमी, इतकी कडक गोळी मागून फुगून नळीला चिकटत नाही, बाजूने गॅस निसटतो आणि शिसं पुसून नळीला लागतं. मग लायनोटाइप एक भाग, शिसं तीन भाग केलं, गोळीची साइझ नळीपेक्षा इंचाचा एक हजारांश भाग मोठी ठेवली, थर गायब. दीड महिना मी नुसत्या नंबरच्या मागे लागलो होतो, मापाकडे बघितलंच नाही.

मध्ये एकदा गाडीच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती जुनी शिशाची वजनं वितळवली, त्यात जस्ताची चार-पाच गेली. शिसं ३२७ डिग्री सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला, आच कमी ठेवली असती तर ती वर तरंगली असती आणि चमच्याने काढता आली असती. माझी आच मोठी होती, जस्तही वितळून मिसळलं आणि पॉटभर गुठळ्यांचा उपमा झाला. सगळा फेकला. बॅटरीच्या प्लेटा मात्र फुकट मिळाल्या तरी नको, त्यातून विषारी गॅस निघू शकतो.

परवा मुलगी चित्र काढायला २बी मागायला आली. त्या डब्याला हात लावायचा नाही म्हटलं, शिशाला लागलेल्या आहेत. तिला नवीन सेट आणून दिला.